परसातल्या कोंबड्यांचा रंग आणि पिसांचा दर्जा: जोड्या कशा लावता?

वारणाकाठची

नमस्कार मंडळी. परसातल्या कोंबड्यांवर इथे बरेच धागे निघालेत, पण ते अंडी, लस आणि बाजारभाव यांवर. रंगाचं कुणी विचारलं की "रंगात काय आहे, अंडं तर तेच" एवढ्यावर विषय मिटतो. मला ते पटत नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

रंगाला कारणं आहेत. एक तर गिऱ्हाईक. गावरान म्हणून कोंबडा घ्यायला येणारा माणूस आधी तुरा आणि पिसं बघतो, वजन नंतर. दुसरी घार. उघड्या रानात पांढरं पिल्लू लांबून दिसतं, तेच काबरं किंवा मातकट पिल्लू पाचोळ्यात बसलं की आपल्यालाही शोधावं लागतं. आणि तिसरं माझं स्वतःचं कारण: प्रत्येक कोंबडी रंगावरून ओळखता आली की कोणतं अंडं कुणाचं, कोण खुडूक बसते, कोण नाही, याची वही नीट ठेवता येते.

माझ्याकडे पट्टेरी कोंबड्या आहेत, प्लायमाउथ रॉक जातीच्या रक्ताच्या. काळ्यावर पांढरे आडवे पट्टे. त्यांच्यावर तांबडा आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड जातीचा) कोंबडा सोडला की दर वेळी एकच दिसतं: नर सगळे पट्टेरी, तलंगा (तरण्या माद्या) सगळ्या काळ्या, फार तर मानेवर थोडी तांबूस झाक. यामागचं कारण जसं मला समजलंय तसं मांडते.

कोंबड्याकडे झेड नावाची दोन गुणसूत्रं असतात. कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मुलीला आईकडून डब्ल्यू मिळतं, म्हणजे तिच्याकडचं एकुलतं झेड बापाचं असतं. पट्ट्याचं जनुक याच झेडवर बसलेलं आहे. त्यामुळे पट्टेरी कोंबडीचा पट्टा तिच्या मुलीत थेट उतरत नाही. तो मुलाकडे जातो आणि मुलाकडून नातीकडे. घरात एक देखणी पट्टेरी कोंबडी आहे आणि तशाच तलंगा हव्यात, तर तिचा मुलगा राखायला हवा. आपल्याकडे बहुतेक जण उलट करतात: मुली ठेवतात, नर आषाढात विकून टाकतात.

याचा एक फायदाही आहे. वर सांगितलेल्या जोडीत पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की त्याच दिवशी नर-मादी कळते. काळ्या पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका असेल तर नर, नसेल तर मादी.

आता प्रश्न. पट्टेरी नर आणि पट्टेरी मादी अशी जोडी लावली की काही नर फारच फिके निघतात, लांबून करडे दिसावेत इतके. पट्टे धारदार कसे ठेवायचे? आणि माझ्या कोंबड्यांच्या शेपटीची पिसं वर्ष संपायच्या आत विरतात, कडा झिजतात. ही रक्ताची गोष्ट की खाण्याची? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

परदेशी_पाखरू

ताई, छान धागा. मी पेनसिल्व्हेनियात राहते, मागच्या अंगणात थोड्या कोंबड्या आहेत. नगरपालिकेच्या नियमामुळे कोंबडा ठेवता येत नाही, पण शेजारच्या काउंटीतल्या एका जुन्या पैदासकाराकडे नेहमी जाते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडून शिकले.

फिके नर निघतात कारण त्यांच्याकडे पट्ट्याच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. कोंबडीकडे कधीच एकाहून जास्त नसते. दोन प्रती म्हणजे पांढरा पट्टा रुंद, काळा अरुंद. हा दोष नाही, जनुकाचा स्वभाव आहे. प्रदर्शनात मात्र नर आणि मादी एकसारखे गडद दिसावेत अशी अपेक्षा असते, म्हणून इथले जुने लोक दोन वेगळे वंश सांभाळायचे: एक देखण्या नरांसाठी, एक देखण्या माद्यांसाठी. परसात एवढी उठाठेव करायची गरज नाही. फिका नर टाकू मात्र नका. त्याच्याकडे दोन्ही प्रती आहेत, म्हणजे तो कोणत्याही गडद कोंबडीवर सोडलात तरी पिल्लं सगळी पट्टेरी, तलंगासुद्धा. तुम्हाला हवाय तो कोंबडा हाच.

पट्ट्यांच्या धारेबद्दल: पिल्लांना पंख किती लवकर फुटतात याच्याशी तिचा संबंध आहे. उशिरा पिसं येण्याचं एक जनुकही झेडवरच असतं. पिसं सावकाश वाढली की पट्टे बारीक आणि रेखीव पडतात. भराभर वाढली की पट्टे रुंद आणि कडेला पुसट. म्हणून इथल्या प्रदर्शनातल्या पट्टेरी जातींची पिल्लं पहिले काही आठवडे उघडीबोडकी दिसतात आणि अंड्यांसाठी वाढवलेल्या त्याच जातीची पिल्लं लवकर सजतात, पण त्यांचे पट्टे ओबडधोबड असतात.

दशावतारी

सावंतवाडीकडून. आमच्या पावसात पिसांचा दर्जा हा हौसेचा विषय राहत नाही, कोंबडी जगते की नाही याचा होतो. मोकळ्या, फुललेल्या पिसांची कोंबडी मृगाच्या सरीत भिजली की तासाभरात कुडकुडायला लागते. अंगाला घट्ट बसणाऱ्या, आखूड, कडक पिसांची कोंबडी अंग झटकते आणि पुन्हा चरायला लागते. असील या झुंजीच्या जातीच्या रक्ताच्या कोंबड्यांत ही कडक पिसं हमखास दिसतात. असीलमध्ये रंगही कितीतरी, आणि रंगावरूनच नावं: पीला, नूरी, कागर, याकूब. फक्त असील आणायचा तो रक्तासाठी. झुंजी लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि झुंजीतून आलेला कोंबडा इतर नरांना खुराड्यात जगू देत नाही.

माझी निवड पावसात होते. आषाढातल्या एखाद्या संध्याकाळी कोंबड्या आत येतात तेव्हा प्रत्येकीच्या पाठीवरून हात फिरवतो. वरचं पीस ओलं पण खालची लव कोरडी, ती कोंबडी पुढच्या रवणासाठी, म्हणजे तिची अंडी उबवून पिल्लं काढायला, ठेवायची. लवेपर्यंत पाणी गेलेलं असेल तर तिची अंडी खायला. रंग त्यानंतर बघतो.

उलट्या पिसांच्या कोंबड्यांबद्दलही इथेच लिहितो, कारण आमच्याकडे त्या अजून दिसतात. उलटं पीस एका प्रतीत आलं तर पीस बाहेर वळतं, कोंबडी ठीक राहते. दोन्ही आईबाप उलट्या पिसांचे असतील तर साधारण चौथा हिस्सा पिल्लांना दोन प्रती येतात. त्यांची पिसं इतकी ठिसूळ की मोडून पडतात, अंग उघडं राहतं, थंडीवाऱ्यात ती पिल्लं हाल होऊन मरतात. म्हणून उलट्या पिसांची जोडी नेहमी सरळ पिसांशीच लावायची. निम्मी पिल्लं तशी, निम्मी सरळ. आणि देवदेवस्कीसाठी काळी किंवा उलट्या पिसांची कोंबडी मागायला येणाऱ्याला मी देत नाही. त्या भीतीवर पैसे करणाऱ्यांना माझ्या अंगणातून माल मिळणार नाही.

माणदेशी_पशुवैद्य

वारणाकाठची ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

पिसाचा सुमारे नव्वद टक्के भाग प्रथिनांचा, मुख्यतः केराटिनचा असतो. केराटिनला गंधक असलेली अमिनो आम्लं लागतात: सिस्टीन आणि मेथिओनीन. परसातली कोंबडी मका, ज्वारी, तांदळाची कणी यांवर असेल तर तिला ऊर्जा मिळते, पिसाचा कच्चा माल मिळत नाही. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के, अंड्यावरच्या कोंबडीला सोळा ते अठरा टक्के हवीत. मधली तूट ती किडे, गांडुळं, वाळवी खाऊन भरते. फिरायला रान असेल तर भागतं. जाळीच्या आत ठेवली की भागत नाही.

शेंगदाण्याची पेंड आपल्याकडे सहज मिळते, प्रथिनंही भरपूर, पण मेथिओनीन कमी आणि दमट हवेत बुरशीचं विष होण्याचा धोका. तिळाची पेंड या बाबतीत उजवी. सुकट चांगली, पण खारवलेली नको, मीठ जास्त झालं की कोंबडी पाणी पीत राहते आणि हगवण लागते. जुनी माणसं वाळवीचं वारूळ फोडून पिल्लांपुढे टाकायची, ते शास्त्राला धरूनच होतं.

तुमच्याकडे पिसं झिजतात की मोडतात, हे आधी बघा. पीस उजेडासमोर धरा. दांड्याला काटकोनात आडवी, पुसट, पातळ रेघ दिसली तर ते पीस वाढत असताना त्या दिवशी पक्षी उपाशी, आजारी किंवा घाबरलेला होता. पीस तिथेच मोडतं. सगळ्या पिसांवर एकाच उंचीवर अशी रेघ असेल तर रक्ताला दोष देऊ नका. त्या आठवड्यात काय झालं ते वहीत शोधा. कडा कुरतडल्यासारख्या असतील तर उवा. शेपटीखाली, गुदद्वाराभोवती पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे पुंजके शोधा. पाठीवर मधोमध पिसं गेली असतील तर कोंबडा जास्त चढतोय. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या ठेवा, त्याच्या पायामागचा काटा आणि नखं बोथट करा.

उवांवर पहिला उपाय धुळीची आंघोळ. छपराखाली कोरडी राहील अशी जागा, बारीक माती आणि चुलीची चाळलेली राख. गोचिडांसाठी जनावरांवर फवारायचं औषध मनाने कोंबड्यांवर फवारू नका, ते अंड्यात उतरतं. जवळच्या दवाखान्यात विचारून घ्या.

आणि एक. मोडलेलं पीस बरं होत नाही. ते मेलेलं असतं. पुढच्या पिसं गाळण्याच्या वेळी ते पडून नवीन येईल तेव्हाच सुधारणा दिसेल. दिवस लहान व्हायला लागले की कोंबड्या पिसं टाकतात, अंडी थांबतात. लोक त्या काळात "अंडं नाही तर दाणा कशाला" म्हणून खुराक कमी करतात. नेमक्या त्याच आठवड्यांत पुढच्या वर्षभराची पिसं तयार होत असतात. खुराक वाढवायचा तो तेव्हाच.

वारणाकाठची

डॉक्टर, आजच उजेडासमोर धरून बघितलं. शेपटीच्या लांब पिसांवर आडवी रेघ आहे आणि सगळ्या कोंबड्यांवर जवळजवळ त्याच उंचीवर. वहीत बघते.

नवखा_पाळणारा

फार माहितीपूर्ण चर्चा. माझा प्रश्न कडकनाथचा. आमच्या गावरान कोंबड्याची पिल्लं कडकनाथ माद्यांपासून काढली तर पाय पांढरट निघाले. मित्राने उलटं केलं, कडकनाथ कोंबडा आणि गावरान कोंबड्या, तर त्याच्या तलंगा पायापासून तुऱ्यापर्यंत काळ्या. विकणाऱ्याने मला फसवलं का?

वारणाकाठची

फसवलं असेलच असं नाही. कडकनाथचा काळेपणा दोन गोष्टींवर ठरतो. कातडी, मांस, हाडांवरची पडदी काळी करणारं जनुक प्रबळ आहे, एक प्रत पुरते. पण कातडीतला काळा रंग दाबणारं दुसरं जनुक आहे, आणि ते पुन्हा झेडवर. पिवळ्या किंवा पांढऱ्या पायाच्या कोंबड्यांत हा दाबणारा असतो, कडकनाथमध्ये नसतो. तुमच्या जोडीत बाप गावरान, त्याने आपला दाबणारा सगळ्यांना दिला, मुलांना आणि मुलींना. मित्राच्या जोडीत बाप कडकनाथ. मुलींचं एकुलतं झेड त्याचं, म्हणून त्या काळ्या. मुलांना आईकडून दाबणारा आला, त्यामुळे त्याचे नर फिके असणार, विचारून बघा. बेटसन आणि पनेट या दोघांनी 1911 साली रेशमी पिसांच्या सिल्की कोंबड्यांवर नेमकं हेच दाखवलं होतं.

मूळच्याच काळसर, शिसवी पायांच्या गावरान कोंबड्या निवडल्या तर हा अडथळा बऱ्याचदा येत नाही.

आणि काळं पीस म्हणजे कडकनाथ नव्हे. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते त्याच्या काळ्या मांसासाठी. त्यात पूर्ण काळा, पेन्सिलने रेघा ओढल्यासारखा आणि सोनेरी छटेचा, असे तिन्ही असतात. नुसती काळी पिसं दाखवून कुणी जादा पैसे मागत असेल तर तुरा, जीभ आणि पायांचे तळवे बघा.

वऱ्हाडातला

आमच्याकडे बोडक्या मानेच्या कोंबड्यांकडे लोक नाकं मुरडतात, रोगट वाटते म्हणतात. एका प्रतीत हे जनुक आलं की अंगावरची पिसं साधारण वीस टक्के कमी, दोन प्रतींत चाळीस टक्के कमी. अकोल्याच्या उन्हात मे महिन्यात बाकीच्या कोंबड्या चोच उघडून धापा टाकत सावलीत बसतात तेव्हा या चरत असतात. कमी पिसं म्हणजे तिकडची प्रथिनंही वाचली. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच जनुकावर 'हितकारी' आणि उलट्या पिसांवर 'उपकारी' असे वाण केलेत. धाग्याचं नाव पिसांचा दर्जा आहे म्हणून सांगतो: दाट पिसं म्हणजे चांगली पिसं हे सावंतवाडीला खरं असेल, विदर्भात नाही.

दशावतारी

मान्य. मीही दाट म्हटलं नव्हतं, घट्ट म्हटलं होतं. पण तुमचा मुद्दा बरोबर, जागेप्रमाणे निवड बदलते.

हिरवा_मोर

एक कल्पना. आमचं गाव चांदोलीच्या बाजूला. रानकोंबडा अगदी बांधापर्यंत येतो. त्याच्या मानेवरची ठिपक्यांची पिसं पाहिलीत का? मेणाचे थेंब लावल्यासारखी. आमच्या कोंबड्यांशी त्याचा संकर झाला तर ती पिसं येतील का? अंडी मिळाली तर खुडूक कोंबडीखाली बसवता येतील.

माणदेशी_पशुवैद्य

कृपया करू नका. राखाडी रानकोंबडा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. अंडी उचलणं हाही गुन्हाच. शिवाय आपल्या कोंबड्यांचे रोग त्या रानात जाण्याचा धोका आहे, तो वेगळा.

परदेशी_पाखरू

त्या ठिपक्यांच्या पिसांपायी त्या पक्ष्याची खूप शिकार झालेली आहे. गळाला लावायच्या बनावट माश्या बांधणारे इंग्रज आणि अमेरिकन लोक मानेची ती पिसं वापरायचे, अख्ख्या माना भारतातून इकडे यायच्या. आता गळाच्या माश्यांसाठी पाळीव कोंबड्यांचेच खास वंश आहेत. मानेची पिसं लांब, सडपातळ, दांडा लवचीक आणि कडेचे तंतू ताठ, एवढ्याच गुणांवर पिढ्यान् पिढ्या निवड. त्यातही पट्टेरी पिसांना मोठी मागणी. 2011 च्या सुमाराला केसांत पिसं गुंफायची फॅशन आली तेव्हा कोळ्यांना दुकानात पिसं मिळेनात. जंगलातून काहीही न आणता फक्त निवडीने पीस किती बदलतं याचा हा पुरावा.

आणि रानकोंबड्याचा वारसा तुमच्या अंगणात आधीच आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण पिवळ्या पायाचं जनुक तिला राखाडी रानकोंबड्याकडून मिळालं असं 2008 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. म्हणजे सह्याद्रीतल्या त्या पक्ष्याच्या वंशाचा धागा जगभरच्या पिवळ्या पायाच्या कोंबड्यांत आहे.

हिरवा_मोर

हे माहीत नव्हतं. कल्पना सोडली. बांधावर आला की नुसता बघेन.

गणितवेडा

रंगावर निवड करणाऱ्यांनी एक हिशोब डोळ्यासमोर ठेवावा. कळपात किती पक्षी आहेत यापेक्षा किती नर पिल्लांचे बाप होतात यावर रक्ताची जवळीक ठरते. सूत्र सोपं: नर गुणिले माद्या गुणिले चार, भागिले नर अधिक माद्या. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या असतील तर उत्तर येतं 3.6. म्हणजे अकरा पक्ष्यांचा कळप रक्ताच्या दृष्टीने चार पक्ष्यांपेक्षाही लहान. दर पिढीला सुमारे चौदा टक्के जवळीक वाढते. तेच तीन कोंबडे आणि बारा कोंबड्या ठेवल्या तर उत्तर 9.6, आणि वाढ पाच टक्क्यांच्या आसपास.

हवा तो रंग मिळाला म्हणून बाप-लेक जोडी लावणारे पुष्कळ असतात. एकदा लावली तर रंग पक्का व्हायला मदत होते. तेच चालू ठेवलं की आधी अंडी फळायची थांबतात, मग पिल्लं अंड्यातच मरतात.

तापीकाठ

नंदुरबार जिल्ह्यातून. सगळे बाहेरचं रक्त आणायच्या गोष्टी करताय, म्हणून आमच्या कोंबडीचं नाव घेतो. बुसरा ही महाराष्ट्र आणि गुजरातच्या सीमेवरची जात, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंदलेली. अंगाने लहान, चपळ, पांढऱ्यावर काळी आणि तांबूस पिसं मिसळलेली. आरआयआर आणि सरकारी योजनांतले रंगीत वाण पाड्यापाड्यावर पोचले तेव्हापासून बुसऱ्याचे शुद्ध नर शोधावे लागतात. ज्यांच्याकडे स्थानिक जात अजून आहे त्यांनी रंगाच्या हौसेपायी ती विरघळवू नये. दोन कप्पे करा, एक स्थानिक, एक हौसेचा.

दुसरं, बाजारातून कोंबडा आणून थेट खुराड्यात सोडू नका. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी 2006 मध्ये आमच्या नवापूरला सापडला. तेव्हा काय झालं ते इथल्या घराघरात माहीत आहे. फार्मच्या पक्ष्यांबरोबर परसातल्या कोंबड्याही गेल्या. नवीन पक्षी महिनाभर लांब, वेगळ्या भांड्यात दाणापाणी, आणि तिकडचं काम सगळ्यात शेवटी.

नवखा_पाळणारा

राखी रंगाच्या जोडीतून काळी आणि मळकट पांढरी पिल्लं का येतात, हे कुणी सांगेल का? घरात राखी नर, राखी मादी, बाहेरचा कोंबडा नाही.

वारणाकाठची

राखी रंग हा काळ्याचा अर्धा विरळ झालेला रंग. एक प्रत विरळ करणारी असली की राखी, दोन असल्या की मळकट पांढरा, त्यावर कुठे कुठे राखी शिंतोडे. त्यामुळे राखी-राखी जोडीत साधारण निम्मी पिल्लं राखी, पाव काळी, पाव मळकट पांढरी. हा रंग "पक्का" होत नाही. सगळी राखी हवी असतील तर काळा आणि मळकट पांढरा अशी जोडी लावा, दोघांतला एकही राखी नको.

लॅव्हेंडर नावाचा फिका जांभळट राखी रंग वेगळा. तो अप्रबळ आहे, दोन्हीकडून यावा लागतो, आणि जोडीला पक्का होतो. पण त्या रंगाच्या बऱ्याच कळपांत शेपटीची आणि पंखांची पिसं विरतात अशी तक्रार असते. त्याचे पैदासकार दर काही पिढ्यांनी मुद्दाम काळ्या, चांगल्या पिसांच्या कोंबड्याशी जोडी लावून पिसं सावरतात. विकत घेताना फोटोवर जाऊ नका, पंख हातात घेऊन उघडून बघा.

पांढरी_शेवंती

आमच्याकडे काळ्या-तांबड्या आईबापांना एकदम पांढरं पिल्लू झालं. सासूबाई म्हणतात शेजारचा कोंबडा आला असेल. तसंच असतं का?

माणदेशी_पशुवैद्य

असू शकतं, पण नसलं तरी चालतं. पांढरा दोन प्रकारचा. एक प्रबळ, लेगहॉर्न आणि ब्रॉयलर रक्तातला. तो एका प्रतीतही दिसतो, त्यामुळे तो यायला पांढरे आई किंवा बाप लागतात. दुसरा अप्रबळ, तो पिढ्यान् पिढ्या लपून राहतो आणि दोन्हीकडून आला की उघड होतो. तुमचं पिल्लू मोठं झाल्यावर शुद्ध काळ्याशी जोडी लावा. पिल्लं सगळी रंगीत आली तर अप्रबळ.

आणि शेजारच्या कोंबड्याचा विषय निघालाच आहे तर: कोंबडीच्या अंगात बीज दोन-तीन आठवडे टिकतं. कोंबडा बदलला की तीन आठवड्यांपर्यंतची अंडी खायला वापरा, रवणाला ठेवू नका. नाहीतर बाप कोण हे वहीलाही सांगता येणार नाही.

वारणाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. वही बघितली. आडव्या रेघेचं उत्तर सापडलं: पिसं गाळण्याच्या काळातच मी खुराक मक्यावर आणला होता, अंडी नव्हती म्हणून. आता श्रावण सरल्यापासून तिळाची पेंड सुरू करते.

जोड्यांचं असं ठरवलंय. फिका, दोन प्रतींचा नर मुख्य. त्याच्या जोडीला एक एका प्रतीचा गडद नर, वेगळ्या आईचा. तिसरा नर बाहेरून. तीन कप्पे, दर वर्षी नर एक कप्पा पुढे सरकणार, कोंबड्या आपल्या कप्प्यात राहणार, तलंगा आईच्या कप्प्यात. पायात रंगीत कड्या, कप्प्याप्रमाणे. नराची अंतिम निवड सहा महिने उलटून पूर्ण पिसं आल्यावरच, कारण त्याआधी पिल्लाची पिसं दोन-तीनदा बदलतात आणि पहिल्या पिसांवरून काहीच ठरत नाही. निवडीचा क्रम: आधी आईची अंडी आणि तब्येत, मग पंख उघडून पिसांची रुंदी आणि दांडा, पावसात दशावतारींची हाताची परीक्षा, आणि या सगळ्यातून उरतील त्यांच्यात पट्टे.

तिसरा नर कुठून आणावा एवढाच प्रश्न उरलाय.

गणितवेडा

नर आणू नका, अंडी आणा. रोगाचा धोका बराच कमी, प्रवासही सोपा. दोन वेगळ्या घरांतून घ्या.

माणदेशी_पशुवैद्य

सहमत, फक्त ज्या कळपात मानमोडी (राणीखेत रोग) येऊन गेलीय तिथली नकोत. अंडी आठवड्याच्या आतली असावीत, धुतलेली नकोत, टोकदार बाजू खाली करून ठेवा. प्रवासाने आलेली अंडी रात्रभर स्थिर ठेवून मग कोंबडीखाली द्या. पिल्लांना मानमोडीच्या लसी द्या: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, पुढे आठव्या आठवड्याला आर-टू-बी.

दशावतारी

ताई, माझ्याकडे एका असील-गावरान कोंबडीची अंडी दिवाळीनंतर मिळतील. काळी आहे, पिसं घट्ट. पट्टे तिच्याकडे नाहीत, ते तुमचा नर देईल. पिवळ्या पायाची चालेल ना?

वारणाकाठची

चालेल. बसायला खुडूक कोंबडी तेव्हा तयार असेल, नसली तर शेजारच्या काकूंची मागून आणते. डझनभर पुरेत. कोल्हापूरला कुणी येणार असेल तर त्यांच्याबरोबर पाठवा, टोपलीत भाताच्या तुसात.